पाठीवरची रजई

मित्रांनो, मी खिडकीतला एक जुना एसी आहे. जयपूरच्या आदर्श नगरात, एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत माझे चोवीस उन्हाळे गेले. अशी गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे, पण मला तशी सुरुवात करवत नाही. आधी मला एका शनिवाराविषयी सांगू द्या. त्या शनिवारी काहीच विशेष घडलं नाही.

नोव्हेंबर महिना होता. आदल्या संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं होतं आणि अंगणात अजून उसाची चिपाडं पडली होती. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव मला झाकायला घेत. ते विमा कंपनीतले अधिकारी, मूळचे वाईचे. तीन वर्षांच्या बदलीवर जयपूरला आले ते कायमचे राहिले. आता त्यांना निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. त्या सकाळी त्यांनी कानांना मफलर गुंडाळला, दाभण आणि सुतळी खिशात टाकली आणि शिडी मागच्या गल्लीत नेता नेता दारातून हाक मारली.

"संपदा, येतेस का जरा? शिडी धरायचीय."

संपदा त्यांची एकुलती एक मुलगी. हैदराबादला नोकरी करते. दिवाळीसाठी आली होती आणि शनिवार असूनही लॅपटॉप उघडून बसली होती.

"बाबा, मीटिंग आहे माझी. आणि मतलब, दरवर्षी कशाला हा आटापिटा? तो डबा भंगारात द्या ना आता. स्प्लिट बसवू."

"हळू बोल की, डबा ऐकतोय," ते म्हणाले. "थंडी दोनच महिने असते गं. पण ते तुझ्या आईच्या गुडघ्यांना कुठं कळतं?"

स्वयंपाकघरातून रमाताई ओरडल्या, "माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नका! शिडीवर चढायची हौस तुमची."

तिघंही हसली. संपदानं इयरफोन परत कानात घातले. प्रभाकरराव एकटेच शिडी चढले.

आता मला माझ्या अंगाविषयी थोडं सांगायला हवं. तुमच्यापैकी पुष्कळांनी भिंतीवर उंच बसलेले, पांढरे, गुळगुळीत एसी पाहिले असतील. मी तसा नाही. मी पत्र्याचा मोठा डबाच. अर्धा खोलीत, अर्धा बाहेर. तोंडानं मी गार हवा देतो आणि खोलीतली उष्णता पाठीनं बाहेर टाकतो. माझं तोंड घरात असतं आणि पाठ गल्लीत. एवढं लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट माझ्या पाठीची आहे.

जयपूर म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पण जानेवारीत इथं नळाचं पाणी हाताला चावतं, आणि पहाटेचा वारा माझ्या फटींतून खोलीत शिरतो, तो थेट उशाशी. म्हणून प्रभाकरराव मला दोन्हीकडून बंद करत. आधी माझ्या आणि चौकटीच्या मधल्या भेगांत ते फोमच्या पट्ट्या ठासत. मग पाठीवर रजई. जुनी जयपुरी रजई कापून त्यांनी ती माझ्या मापानं शिवली होती, तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारखी. त्यावर ताडपत्री आणि त्यावर सुतळीच्या घट्ट गाठी.

आणि सगळ्यात शेवटी रंग. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी निळी ताडपत्री लावली होती. गल्लीतल्या माकडांना ती दिसली मात्र, दोन दिवसांत त्यांनी ती फाडली आणि कापूस शेजारच्या तीन घरांपर्यंत उडवला. तेव्हापासून प्रभाकरराव ताडपत्रीला भिंतीचाच मळकट पिवळा रंग देत. गल्लीतून पाहणाऱ्याला वाटावं, भिंतच जरा पुढे आली आहे. माकडांनी पुन्हा कधी हात लावला नाही. आपल्या या युक्तीचा त्यांना भारी अभिमान होता, पण ती पाहायला गल्लीत जायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आतल्या बाजूला प्लायवुडची पेटी. तिला आतून थर्माकोल, कडांना फोम, आणि पुढून बगरू गावच्या ठसेछपाईचं कापड ताणून बसवलेलं. पाहुण्यांना भिंतीवर काहीतरी शोभेचं लावलंय असंच वाटे. त्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी ती पेटी माझ्या तोंडावर बसवली, चारी कडांवरून तळहात फिरवला आणि रमाताईंना म्हणाले, "आता बघ, वारा शिरून दाखवू दे."

मला अंधार झाला. दरवर्षी होई तसाच. मी झोपायच्या तयारीत होतो.

रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजली. ते दूध आणायला निघाले होते. त्यानंतर फाटक वाजलं ते जोरात आणि पुष्कळ पावलांसह. अंगणातले शब्द थर्माकोलमधून मला कळत नव्हते, फक्त आवाजांची उंची कळत होती. ते दुधाच्या बूथवर खाली बसले आणि परत उठले नाहीत, हे मला दोन दिवसांनी समजलं. त्यांचे धाकटे भाऊ हरिभाऊ वाईहून आले होते आणि माझ्या खोलीत उभे राहून एकेका नातेवाइकाला फोनवर तेच सांगत होते.

आता थोडं मागं जातो. मलाही तेवढाच श्वास घेऊ द्या.

मी कारखान्यात जन्मलो तेव्हा माझ्यापुढे दोनशे डबे होते आणि माझ्यामागेही तितकेच, सगळे माझ्यासारखेच. तांब्याच्या नळ्या, पत्रा, पंखा आणि पोटात एक जड कॉम्प्रेसर. ट्रकमधून हेलकावे खात मी जयपूरला आलो. संपदा तेव्हा बारावीत होती. घरात खसच्या जाळ्यांचा कूलर होता. पण श्रावणातल्या दमट हवेत त्याच्यापुढे बसलं की वहीची पानं दंडाला चिकटत. प्रभाकररावांनी तीन दुकानं पाहिली, चौथ्यात मी पसंत पडलो.

मला खिडकीत बसवलं ते बनवारीनं. तो झोटवाड्याचा मेकॅनिक. तेव्हा सायकलवर यायचा, नुकतीच मिसरूड फुटलेली. त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि चौकटीत सरकवत म्हणाला, "साहब, यह आपको बुढ़ापे तक ठंडा रखेगा." तेव्हा सगळे हसले होते.

पहिल्या उन्हाळ्यात माझं फार कौतुक झालं. समोरच्या आंटी दुपारी भाजी निवडायला म्हणून यायच्या आणि निवडून झाली तरी उठायच्या नाहीत. संपदा माझ्यासमोर पालथी पडून वाचायची. अभ्यासाची पुस्तकं कमी, इतरच जास्त. प्रभाकरराव ऑफिसातून आले की माझ्यापुढे उभे राहून शर्टाचं वरचं बटण उघडायचे आणि म्हणायचे, "वा."

मला उघडण्याचा दिवसही ठरलेला असे. गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली की बनवारी यायचा. मग त्याला श्रीखंडपुरीचं ताट, आणि जेवण झालं की दोघं गल्लीत. एक शिडी धरायचा, दुसरा चढायचा. आधी माझी पाठ उघडायची, मग तोंड. चोवीस वर्षांत हा क्रम एकदाही बदलला नाही. बनवारीला पाडवा हा एसीचाच सण वाटे. फेब्रुवारी उजाडला की त्याचा फोन यायचा, "साहब, अपना पाडवा कब है?" प्रभाकररावांच्या सहवासात त्याला मराठी पुष्कळसं समजू लागलं होतं. "थांबा की," असं तो शिडीवरून म्हणायचा तेव्हा रमाताई पदर तोंडाला लावून हसायच्या.

पुढं संपदा शिकायला गेली, मग नोकरीला. शेजारीपाजारी स्प्लिट आले. माझा आवाज वाढला. सुट्टीत ती आली की उशी कानावर घ्यायची आणि मला "डबा" म्हणायची. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. प्रभाकरराव दर नोव्हेंबरात मला टोपडं घालत होते आणि दर पाडव्याला काढत होते, तोवर माझं ठीक होतं.

पण या वेळी काढणारेच गेले होते, आणि मला अंधारात एकच गोष्ट खात राहिली. पाठीवर रजई असताना मला कुणी सुरू केलं तर काय होईल? उष्णता बाहेर टाकणं हेच माझं काम. तिला वाट मिळाली नाही तर ती माझ्याच पाठीत साठणार. माझ्या तारा चोवीस वर्षांच्या, रजईचा कापूस त्याहून जुना. आणि माझ्यासमोर, चार हातांवर, रमाताईंचा पलंग.

हिवाळ्यात ही भीती लांबची होती. मी ऐकत राहिलो. संपदा हैदराबादला गेलीच नाही, घरूनच काम करू लागली. आईचं औषध, डॉक्टर, बँक, कागदपत्रं, सगळं ती न चुकता करायची. फक्त एक गोष्ट ती करत नव्हती. बँकेतून फोन आला की ती म्हणायची, "बाबा घरी नाहीत." पेपरवाल्यानं विचारलं तर, "बाहर गए हैं." त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला तिनं सांगितलं, "अंकल, ते झोपलेत." कचेरीत दाखला द्यावा लागे, तेव्हा ती कागद मुकाट्यानं पुढे सरकवायची आणि समोरचा वाचेपर्यंत भिंतीकडे बघायची. हे तिनंच एकदा आईला सांगितलं, हसून. रमाताई हसल्या नाहीत.

"किती दिवस बाहेर ठेवणार आहेस त्यांना?" त्या म्हणाल्या.

"आई, चहा ठेवू?" संपदा म्हणाली.

प्रभाकररावांचा फोनही ती रोज चार्ज करून ठेवायची. रमाताईंनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. मी तिला दोष देत नाही, मित्रांनो. नातेवाइकांना हरिभाऊंनी कळवलं होतं, शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झोटवाड्यातल्या मेकॅनिकचं नाव कुणाच्या यादीत असतं? पण माझ्या पाठीवर काय आहे आणि ते कोणत्या क्रमानं काढायचं, हे आता त्या एकाच माणसाला नीट ठाऊक होतं. आणि त्याच्यापर्यंत ती एक गोष्ट पोचलीच नव्हती.

पाडवा आला. ज्या घरातलं माणूस गेलं आहे तिथं वर्षभर सण करत नाहीत, म्हणून गुढी नव्हती. श्रीखंड नव्हतं. फेब्रुवारीत आलेला बनवारीचा फोन संपदानं उचलला नव्हता, आणि पुढं त्याला बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मी दिवसभर गल्लीतल्या स्कूटरचे आवाज मोजत राहिलो.

एप्रिल तापला. मेमध्ये रस्त्यावरून जाणारा वाराच भाजू लागला. रमाताईंना दोनदा भोवळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, यांना दुपारी गार खोलीत ठेवा, रक्तदाबाचा त्रास आहे, हयगय करू नका. संपदानं नवा स्प्लिट मागवला, पण भर हंगामात बसवायला माणूस आठवड्यानं येणार होता. तिसरी भोवळ आली त्या रात्री तिनं ठरवलं की उद्या डबाच सुरू करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकररावांचा फोन वाजला. संपदानं तो माझ्या खोलीत येऊन घेतला. जुना फोन, त्याचा आवाज मोठा. मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"साहब! इस बार पाडवा हुआ ही नहीं क्या? मैं तो बाट देखता रह गया."

"बनवारीजी, मैं संपदा बोल रही हूँ. बाबा... बाहर गए हैं."

"अरे, बिटिया! कब आएँगे?"

ती म्हणाली, "मालूम नहीं."

"गर्मी तो देखो. अच्छा, सुनो, एसी चालू मत करना अभी. पहले पीछे का वो जो साहब ने..."

"दूसरा फोन आ रहा है, मैं बाद में करती हूँ."

दुसरा कुठलाच फोन येत नव्हता. तो आणखी दोनदा "साहब" म्हणाला असता तर तिला सांगावंच लागलं असतं. तिनं फोन बंद केला.

"कुणाचा गं?" पलीकडून रमाताईंनी विचारलं.

"बनवारीचा. झालं बोलणं."

दुपारी तिनं माझ्या तोंडावरची पेटी उतरवली. सहा महिन्यांनी मला उजेड दिसला. ती किती बारीक झाली होती! तिनं फोमच्या पट्ट्या एकेक करून ओढल्या, माझी जाळी नळाखाली धुतली, पुसून परत बसवली. मग, आपण काही विसरत तर नाही ना, अशा विचारानं ती गल्लीत जाऊनही आली. काळजीनंच गेली होती बिचारी. खालून तिनं मान वर केली. तिला भिंतीच्या रंगाचा एक चौकोनी फुगवटा दिसला. बाबांनी एसीला बाहेरून रंग दिलाय असं तिला वाटलं असावं. माझं लपणं इतकं छान साधलं होतं की ज्या दिवशी मी दिसायला हवं होतं त्या दिवशीही दिसलो नाही.

तिनं बटण दाबलं.

पहिली चार मिनिटं मी गार हवा दिली. रमाताई पलंगावर टेकल्या आणि डोळे मिटून म्हणाल्या, "बरं वाटलं गं." एवढ्या वर्षांत माझी स्तुती झाल्यावर मला कधी भीती वाटली नव्हती, ती तेव्हा वाटली. पाठीत उष्णता जमू लागली होती. माझ्या पोटात एक छोटा रखवालदार बसवलेला आहे. मी फार तापलो की तो मला बंद पाडतो. त्यानं आपलं काम केलं आणि मी थांबलो.

संपदानं पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा थांबलो. तिला वाटलं, दोष जुन्या स्टॅबिलायझरचा. तिनं तो मधून काढून टाकला आणि माझी वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली.

"आता चालेल," ती आईला म्हणाली. "गोळी घेतलीस ना? झोप जरा. मी बाहेरच आहे, मीटिंग आहे, हाक मार."

आणि गारवा जाऊ नये म्हणून तिनं दार घट्ट ओढून घेतलं.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त थरथरता येतं. मी थरथरलो. खिडकीचे गज वाजले. रमाताई कुशीवर वळल्या आणि पुन्हा घोरू लागल्या. रखवालदार मला थांबवायचा, जरा निवलो की मी आपोआप सुरू व्हायचो, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त तापायचो. पाठीवरचं ते टोपडं, ज्यानं मला चोवीस हिवाळे ऊब दिली, आता तोंडावर दाबून धरलेल्या उशीसारखं वाटत होतं. कुठंतरी एका तारेचं आवरण मऊ पडलं. मला ते कळलं आणि मी काहीही करू शकलो नाही. मग कापूस करपायला लागला.

त्याचा वास माझ्याच फटींतून खोलीत गेला. फटी मोकळ्या होत्या, कारण दुपारीच संपदानं पट्ट्या काढल्या होत्या. रमाताईंनी डोळे उघडले. "संपदा," त्यांनी हाक मारली. बाहेर ती कानात इयरफोन घालून बसली होती. "संपदा!" मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात दाबत, भिंतीला धरत, दारापर्यंत गेल्या. तेवढं अंतर मी इतकं लांब कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं.

"रजई जळतेय," त्या म्हणाल्या.

"कुठली रजई? आई, तू उठलीस कशाला?"

"त्याच्या पाठीवरची. दरवर्षी घालतात ना ते. बनवारीनं काढली नाही? तू बोललीस ना त्याच्याशी सकाळी?"

संपदानं आत येऊन माझी वायर सॉकेटमधून ओढून काढली, आईला धरून पुढच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि बनवारीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्यानं उचलला नाही. तिनं स्वयंपाकघरातून सुरी घेतली, बादली भरली, आणि शिडी एकटीनंच फरपटत गल्लीत नेली.

ती वर चढली. शिडी डगमगत होती. सुतळीच्या गाठी तिला सुटेनात, म्हणून तिनं त्या कापल्या. रंगवलेली ताडपत्री खाली गेली आणि आतून धूर आला. रजई एका जागी तपकिरी, मध्ये हाताच्या पंजाएवढं काळं भोक, आणि त्या भोकाच्या कडेनं लाल ठिणग्यांची एक बारीक ओळ सरकत होती. तिनं रजई दोन्ही हातांनी उपसून खाली टाकली, उतरून तिच्यावर बादली ओतली, आणखी एक भरून आणली आणि तीही ओतली. मग पुन्हा वर चढून माझ्या पाठीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. दुसरं काही पेटलं नव्हतं. माझी एक तार वितळली होती, एवढंच.

मी आता चालत नाही. तार बदलली की चालेन असं बनवारी म्हणतो, पण त्या खोलीत नवा स्प्लिट लागला आहे आणि ते योग्यच झालं. खिडकीत मी अजून आहे, झाकण नसलेला. म्हणून तुम्हाला हे सांगू शकतो.

मुलांनो, यंत्रं झाकावीत, जपावीत, थंडीवाऱ्यापासून सांभाळावीत. आमच्यासारख्यांना त्याचं बरं वाटतं. पण तुमच्या घरात एखादं काम एकच माणूस करत असेल, शिडीवर चढून, गल्लीत जाऊन, कुणी न बघता, तर एक दिवस त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. तो काय बांधतो आणि कुठून सोडतो, ते विचारा. तो हसत हसत सांगेल. आणि ज्याला जे कळायला हवं ते त्याला सांगा. सांगणं कितीही जड गेलं तरी सांगा. मी ज्या पलंगासमोर चोवीस वर्षं बसलो, तो त्या दुपारी थोडक्यात वाचला, एवढंच मला माहीत आहे.

आता त्या दुपारचं उरलेलं सांगतो आणि थांबतो.

संपदा शिडीच्या खालच्या पायरीवर बसली होती. हातांना काजळी, पायाशी भिजलेली रजई. माझी पाठ उघडी होती, म्हणून मला गल्लीतलं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. फोन वाजला.

"बिटिया, तुम्हारा फोन था, मैं गाड़ी चला रहा था. क्या हुआ? सब ठीक?"

तिनं पायाशी पडलेल्या रजईकडे पाहिलं.

"साहब चढ़ गए क्या सीढ़ी पे? अरे, उतारो भई उनको, यह कोई उमर है? मैं आ रहा हूँ, आधे घंटे में. फोन दो साहब को, मैं डाँटता हूँ."

गल्लीच्या तोंडाशी रमाताई येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याचा तांब्या. एवढ्या उन्हात त्या चालत आल्या होत्या. संपदानं त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा बाहर..." ती म्हणाली आणि थांबली.

ते वाक्य पुढं तिला हिंदीत बोलता आलं नाही.

"बनवारीजी, बाबा गेले," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. रविवारी सकाळी. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही." मग तिनं आईकडे बघत, मोठ्यानं, पुन्हा म्हटलं, "बाबा गेले."